टँकरची गोष्ट

गेल्या रविवारी उल्हासनगरातल्या एका विहारात आम्ही 'जय भीम कॉम्रेड' दाखवली. पंचवीस-तीस लोक, उसना प्रोजेक्टर, भिंतीला लावलेली पांढरी चादर. आनंद पटवर्धनांची ही डॉक्युमेंटरी जवळजवळ तीन तासांची. मध्ये एकदा लाईटही गेली. तरी बहुतेक जण शेवटपर्यंत बसले. संपल्यावर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, "दादा, मग टँकर होता की नव्हता?"

तिथे मी एका वाक्यात उत्तर दिलं. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो टँकर मी स्वतः कित्येक वर्षं खरा मानला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी घटना सांगतो. 11 जुलै 1997. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला अगदी लागून. सकाळी लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. लोक चिडले, हायवेवर उतरले, रस्ता अडवला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि गोळीबार झाला. 10 माणसं गेली. वीसहून जास्त जखमी झाली. रास्ता रोकोशी ज्यांचा काही संबंध नव्हता, जे आपल्या घराच्या आसपास होते, तेही त्यात गेले. राज्यात तेव्हा युतीचं सरकार होतं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री.

मी तेव्हा सतरा वर्षांचा, अंबरनाथला राहून बारावी करत होतो. गोळीबाराची बातमी आणि गोळीबाराचं कारण या दोन्ही गोष्टी माझ्यापर्यंत जवळजवळ एकदमच पोचल्या. कारण असं, की हायवेवर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, पेटले असते तर आजूबाजूचे हजारो लोक मेले असते, म्हणून नाइलाजाने गोळी चालवावी लागली. डब्यात चौथ्या सीटवर बसणारे काका हेच सांगत होते, क्लासमध्येही हेच ऐकलं. मलाही पटलं. दहा वाईट, पण हजार वाचले ना, असा हिशोब मी मनातल्या मनात करून टाकला. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. टँकर मात्र पाठ होता.

पुढे न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग बसला. आयोगाने टँकरचं कारण स्वीकारलं नाही. टँकर गोळीबाराच्या जागेपासून लांब होते आणि गोळीबाराची गरज नव्हती, असं आयोगाचं म्हणणं पडलं. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्यावर ठपका आला. मे 2009 मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी. त्यानंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं: टँकर होता. जिथे माणसं पडली तिथे नव्हता.

आता बघा, टँकरची गोष्ट पसरायला एक दिवस पुरला. ती खोडायला आयोग लागला, कोर्ट लागलं, बारा वर्षं लागली. आणि खोडली गेली हे किती जणांना कळलं? मला डॉक्युमेंटरी बघून कळलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, रोज बातम्या लिहिणारा माणूस. तेव्हा वाटलेली लाज अजून आठवते.

ही फिल्म सुरू होते ती विलास घोगरे यांच्यापासून. घोगरे शाहीर होते, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे, आव्हान नाट्य मंचात गायचे. 'हमारा शहर' ही मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवरची पटवर्धनांची 1985 ची फिल्म, तिच्यात त्यांचा आवाज आहे. रमाबाई नगरात जाऊन त्यांनी ती प्रेतं पाहिली आणि चार दिवसांनी, 15 जुलै 1997 ला, स्वतःचं आयुष्य संपवलं. जाताना डोक्याला निळं कापड बांधलं होतं आणि खडूने आंबेडकरी एकजुटीची घोषणा लिहून ठेवली होती. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणारा माणूस शेवटी निळा का झाला? पटवर्धन कॅमेरा घेऊन या प्रश्नामागे निघाले आणि फिल्म पुरी व्हायला 14 वर्षं लागली.

घोगरेंना त्यांच्या संघटनेने आधीच काढून टाकलं होतं, हेही फिल्म लपवत नाही. माणूस गातो ते आपल्याला सोयीचं असेल तोवर ठेवायचं, हा रोग फक्त सरकारला असतो असं नाही. पँथरमध्ये घडलेले, मग एकेका पक्षाच्या व्यासपीठावर जाऊन बसलेले पुढारीही फिल्ममध्ये आहेत. आमच्या विहारात त्या भागात बरीच कुजबुज झाली. ती व्हायलाच हवी होती.

पँथर म्हटल्यावर थोडं मागे जावं लागतं. 1972 मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या विशी-तिशीतल्या पोरांनी मुंबईत दलित पँथर उभी केली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथरवरून. हातात काय होतं? कविता, लिटल मॅगझिनं आणि चाळीतली सभा. त्या वर्षी 15 ऑगस्टला स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली, तेव्हा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना'त आला आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. लेखात राष्ट्रध्वजाबद्दल काय म्हटलं यावर जितकी चर्चा झाली तितकी दलित बाईच्या अब्रूला कायद्यात किंमत किती, या त्याच्या मूळ प्रश्नावर झाली नाही. जानेवारी 1974 मध्ये वरळी पेटली आणि 10 तारखेला परळच्या मोर्च्यात वरून आलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण गेला. पँथर म्हणजे दंगलखोर, ही ओळख तेव्हापासून चिकटली.

त्याच्याही मागे गेलं तर हेच दिसतं. इंग्रजांनी 1876 मध्ये नाटकांवर बंदी घालण्यासाठी वेगळा कायदाच केला. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1910 मध्ये बंद पाडलं, कारण कीचकात लोकांना कर्झन दिसत होता. स्वातंत्र्यानंतर तरी काय? अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्याच चिराग नगरात राहायचे. त्यांच्या लाल बावटा पथकाच्या तमाशावर त्या काळच्या मुंबई सरकारने बंदी आणली होती. पेपर न वाचणाऱ्या माणसाला डफ-तुणतुण्यावरचं गाणं कळतं, म्हणून शाहिराची भीती वाटते. सरकार कुठल्याही रंगाचं असो.

आता आपल्या गावाकडे येतो. कारण हे सगळं 'तिकडे मुंबईत' घडलं असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांची, गावातल्या जमावाने हत्या केली. मोठ्या पेपरांनी ही बातमी कित्येक आठवडे नीट घेतली नाही. नोव्हेंबरमध्ये विदर्भात लोक रस्त्यावर आले तेव्हा राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्यामागे नक्षलवादी असल्याचा संशय बोलून दाखवला. लक्षात घ्या, हे काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. पक्ष बदलला, बोलण्याची रीत तीच राहिली. महिनाअखेरीला कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि 30 नोव्हेंबरला उल्हासनगरात डेक्कन क्वीन पेटली. प्रवाशांना खाली उतरवून डबे जाळले गेले.

मी तेव्हा नवा वार्ताहर होतो. रुळावर काळे पडलेले डबे पाहिले, पोलिसांकडून माहिती घेतली आणि बातमी दिली. 'समाजकंटक' हा शब्द त्या बातमीत तीन वेळा होता. कात्रण माझ्याकडे अजून आहे, परवा काढून पाहिलं. खैरलांजी हा शब्द त्यात एकदाही नाही.

गाडी पेटवणं चूकच होतं. त्या डब्यांतून लेकरं घेऊन उतरलेल्या बायकांची काय अवस्था झाली असेल, हे रोज याच लाईनवर प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. ज्याने जाळपोळ केली त्याच्यावर केस व्हायलाच पाहिजे. पण चार माणसं मारली गेली, दोन महिने कुणी दखल घेतली नाही, म्हणून हे लोक चिडलेत, एवढं एक वाक्य माझ्या बातमीत बसलं नसतं का? जागा होती. मला सुचलंच नाही, कारण मला जे कळलं होतं ते एकाच बाजूने कळलं होतं. नंतर एका वस्तीत गेलो तर बरीच तरणी पोरं घरात नव्हती. कुणाला उचललं होतं, कुणाला घरच्यांनीच नातेवाइकांकडे धाडलं होतं. एक मावशी दारात भांडी घासत होत्या. मला म्हणाल्या, "जळालेले डबे मोजून गेलास ना? आता पोरं मोज." मी वही काढली नाही. ती बातमी मी कधीच दिली नाही.

पुढचा अध्याय कबीर कला मंचाचा. 2002 च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलामुलींनी हे पथक उभं केलं. शीतल साठे, सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर ही त्यांच्यातली नावं. खैरलांजीवर गायले, जातीवर गायले, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर गायले. 'जय भीम कॉम्रेड'च्या शेवटच्या भागात हे दिसतात. 2011 मध्ये एटीएसने मंचातल्यांवर नक्षलवादी असल्याचा आरोप ठेवून यूएपीए लावला. काहींना अटक झाली, काही भूमिगत झाले. जानेवारी 2013 मध्ये त्यांच्यातल्या काहींना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी असं मत दिलं, की निव्वळ एखादा विचार मानला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. 2 एप्रिल 2013 ला शीतल आणि सचिन विधान भवनासमोर येऊन स्वतःहून हजर झाले. आम्ही लपलो नाही, हा सत्याग्रह आहे, असं त्यांचं सांगणं होतं. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला जूनमध्ये जामीन मिळाला. सचिनला सुप्रीम कोर्टातून मिळाला तो जानेवारी 2017 मध्ये. फिल्मला राज्य पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम पटवर्धनांनी या मुलांच्या बचाव समितीला देऊन टाकली. एकच राज्य. एका हाताने फिल्मला बक्षीस, दुसऱ्या हाताने फिल्ममधल्या गायकांना तुरुंग.

इथेही थांबलं नाही. 31 डिसेंबर 2017 ची शनिवारवाड्यावरची एल्गार परिषद, 1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगाव, मग जून 2018 पासून अटकसत्र. 'विद्रोही' मासिकाचे सुधीर ढवळे त्यात होते. त्याआधी 2011 मध्ये त्यांना अशाच आरोपाखाली पकडलं होतं आणि तीन वर्षांहून जास्त काळ आत काढल्यावर 2014 मध्ये ते निर्दोष सुटले होते. या वेळी साडेसहा वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये जामीन मिळाला, कारण खटला सुरूच झाला नव्हता. कबीर कला मंचाच्या गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांनाही सप्टेंबर 2020 मध्ये अटक झाली. हे लोक दोषी की निर्दोष हे मी ठरवणार नाही, ते कोर्टाचं काम. पण कोर्टाने ठरवायच्या आधीच कुणाची सहा वर्षं गेली तर ती त्याला कोण परत देतं?

काही जण म्हणतील, हे सगळं दलित-डाव्यांचं आहे, आमचा काय संबंध. त्यांनी 20 ऑगस्ट 2024 आठवावं. बदलापूर स्टेशन.

शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास ताटकळावं लागलं, ही चीड होती. सकाळपासून लोक रुळावर बसले. मी दिवसभर तिथे होतो. नोकरीला निघालेले होते, भाजी घ्यायला निघालेल्या बायका होत्या, ज्यांची पोरं बालवाडीत जातात असे आईबाप होते. आयुष्यात कधी मोर्च्यात न गेलेले लोक. संध्याकाळी लाठीमार झाला, रूळ मोकळे झाले, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. दुसऱ्या दिवशी शहरात इंटरनेट बंद. आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं वक्तव्य आलं, की आंदोलन राजकीय हेतूचं होतं, बाहेरचे लोक जास्त होते.

त्या रात्री मला बदलापूरच्या किती लोकांचे फोन आले! "आम्ही बाहेरचे? तीस वर्षं इथे राहतोय!" त्यांचं बरोबर होतं. गर्दीत राजकीय कार्यकर्ते नव्हते असं नाही, होते. कुठल्या गर्दीत नसतात? पण सत्तावीस वर्षांपूर्वी रमाबाई नगरला जे वाटलं असेल, ते त्या रात्री पहिल्यांदा बदलापूरच्या मध्यमवर्गाला वाटलं. आपण काय सांगायला आलो होतो ते बाजूला राहिलं आणि आपण कोण होतो यावरच बोलणं सुरू झालं. टँकर, नक्षलवादी, बाहेरचे. शब्द वेगळे, काम एकच.

आता जे लिहितोय ते काहींना आवडणार नाही. महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, त्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने बंदूक हिसकावली, स्वसंरक्षणासाठी गोळी चालवावी लागली, असं सांगितलं गेलं. आपल्या शहरात पेढे वाटले गेले. ज्यांना महिन्यापूर्वी सरकारचं 'बाहेरचे' हे म्हणणं खोटं वाटलं होतं, त्यांनीच ही गोष्ट मात्र काही न विचारता घेतली. जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयासमोर आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. मला त्या आरोपीबद्दल कणभरही सहानुभूती नाही. पण खटला चालला असता तर शाळेत कोणी काय लपवलं हेही बाहेर आलं असतं. ते दार बंद झालं. सरकारची गोष्ट आपल्याला आवडली की आपण ती तपासत नाही, मीही सतराव्या वर्षी तपासली नव्हती.

म्हणून नव्या कायद्याकडे नीट बघा असं माझं म्हणणं आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, विधान परिषदेत 11 जुलैला. रमाबाई नगरचीच तारीख. सरकार म्हणतं, शहरात पसरणाऱ्या कडव्या डाव्या संघटनांसाठी हे आहे, सामान्य माणसाने घाबरायचं कारण नाही. पोलीस आणि निरपराध आदिवासी नक्षल्यांच्या हातून मेलेत हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोलणं, लिहिणं, चिन्ह, दृश्य हेही येतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. 'कडवं' कोण, हे आधी सरकार ठरवणार. गेल्या पन्नास वर्षांत सरकारांनी हे कसं ठरवलं त्याचा हिशोब वर मांडला आहे.

पटवर्धनांच्या फिल्मने गोळीबार थांबवला नाही, कुणाला तुरुंगातून सोडवलंही नाही. तिने एवढंच केलं, की 14 वर्षं त्याच वस्तीत परत परत जाऊन मेलेल्यांच्या घरच्यांना बोलू दिलं आणि ते जपून ठेवलं. त्यामुळे आज उल्हासनगरातला एक मुलगा, जो 1997 मध्ये जन्मलाही नव्हता, टँकरबद्दल प्रश्न विचारू शकतो.

आपल्या गावचं असं जपलेलं काहीच नाही. म्हणून एक विनंती. 30 नोव्हेंबर 2006 आणि नंतरच्या दिवसांतल्या आठवणी, फोटो, कात्रणं कुणाकडे असतील तर मला इनबॉक्स करा. तुम्ही त्या गाडीत असाल तरी, आणि त्या वस्तीत असाल तरी. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. ज्या मावशींची बातमी मी दिली नाही त्यांची वस्ती आता पार बदलली आहे, पण त्यांना शोधायला सुरुवात केली आहे. या वेळी वही घेऊन जाणार आहे.